माणूस ओळखायची नजर नाही, मग एचआर सोडू का?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकची एक वाचक मैत्रीण, वय २७, एमबीए एचआर केलेली, अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत एचआर एक्झिक्युटिव्ह आहे. आयटीआय आणि डिप्लोमावाल्या मुलांचा पहिला राउंड तीच घेते, म्हणजे कोणाला पुढे प्रॉडक्शनच्या साहेबांकडे पाठवायचं आणि कोणाला "कळवतो" म्हणून घरी पाठवायचं हे तिच्या हातात. तिचे साहेब म्हणतात, "दारातून आत येतानाच माणूस कळला पाहिजे, पंचवीस वर्षं मी हेच करतोय." तिला ते जमत नाही. चटपटीत बोलणारी दोन मुलं तिने पुढे पाठवली, दोघं महिन्याभरात सोडून गेली, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला ऐकून घ्यावं लागलं. एक मुलगा अडखळत बोलत होता, नजर वर करत नव्हता, म्हणून तिने परत पाठवला, तर तो जवळच्याच दुसऱ्या कंपनीत लागला आणि आता तिथे सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारा) आहे असं तिच्याच एका ऑपरेटरकडून कळलं. वर तोंडी नियम वेगळेच: तीन नोकऱ्या बदललेला नको, गॅपवाला नको, मुलींना लग्नाचं विचारायचंच. ती विचारते, "ताई, मला माणसं ओळखायची नजर नाही हे आता उघड आहे. मी पेरोलमध्ये वगैरे जाऊ का? की ही नजर अनुभवाने येते?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या नजरेबद्दल बोलू, कारण तुझा सगळा त्रास तिथूनच सुरू होतोय. तू धरून चालली आहेस की अशी एक नजर असते, ती साहेबांकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. मला पहिल्याच गोष्टीबद्दल शंका आहे. तुझ्या साहेबांच्या पंचवीस वर्षांत त्यांनी ज्यांना घेतलं त्यातले काही चांगले निघाले, ते त्यांच्या लक्षात राहिले. पण ज्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं त्यांचं पुढे काय झालं? ते कुठे लागले, कसे निघाले, कोणी सुपरवायझर झालं का? हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही. अनुभव शिकवतो खरा, पण चूक झाली की ती कळली तरच ना. इंटरव्ह्यूच्या कामात अर्ध्या चुका कधी दिसतच नाहीत, म्हणून माणसाचा आत्मविश्वास दरवर्षी वाढत जातो आणि अंदाज मात्र तिथल्या तिथेच राहतो. तुला तुझी एक चूक योगायोगाने दिसली, कारण तो मुलगा जवळच लागला आणि तुमच्या ऑपरेटरच्या ओळखीचा निघाला. त्यावरून तू साहेबांपेक्षा वाईट आहेस हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की तुला त्यांच्यापेक्षा एक माहिती जास्त मिळाली.

आणि हे फक्त माझं मत नाही. नोकरीसाठी माणसं निवडायच्या पद्धतींवर जगभर शंभरेक वर्षं अभ्यास चाललाय. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा नव्याने हिशोब मांडला. इंटरव्ह्यूतला अंदाज आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ किती बसतो हे ते एका आकड्यात सांगतात, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत. आधी ठरवलेले प्रश्न, सगळ्यांना तेच, उत्तरांना मार्क द्यायची पद्धतही आधीच ठरलेली, अशा इंटरव्ह्यूचा आकडा आला ०.४२. गप्पा मारत, मनात येईल ते विचारत घेतलेल्या इंटरव्ह्यूचा ०.१९. म्हणजे चांगल्या पद्धतीचा आकडासुद्धा अर्ध्यावर पोचत नाही! तेव्हा सगळं नीट करूनही काही मुलं चुकीची निघणारच, ते मनाला आत्तापासून सांगून ठेव, म्हणजे पुढच्या मीटिंगला एवढं लागणार नाही. पण ०.१९ आणि ०.४२ यात जो फरक आहे तो नजरेमुळे पडत नाही, पद्धतीमुळे पडतो, आणि पद्धत कोणालाही शिकता येते, तुलाही.

डॅनियल कानेमन यांचं नाव ऐकलं असशील, २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. एकवीस-बावीस वर्षांचे असताना ते इस्रायली सैन्यात होते आणि नव्या सैनिकांच्या मुलाखती कशा घ्यायच्या हे ठरवायचं काम त्यांच्यावर आलं. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येक गुणासाठी साधे, माहिती विचारणारे प्रश्न ठरवले, आणि एका गुणाला मार्क दिल्याशिवाय पुढच्या गुणावर जायचं नाही असा नियम केला. मुलाखत घेणाऱ्या तरुणी चिडल्या, म्हणाल्या तुम्ही आम्हाला यंत्र बनवताय. तेव्हा त्यांनी एक सवलत दिली: सहाही मार्क लिहून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा वाटेल ते मनात आणा आणि एक शेवटचा मार्क द्या. पुढे तपासलं तर जुन्या पद्धतीपेक्षा नवी बरीच चांगली निघाली, आणि तो डोळे मिटून दिलेला मार्कसुद्धा आधीच्या सहांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. म्हणजे मनाचा कौल घ्यायला हरकत नाही, पण तो सगळं विचारून, लिहून झाल्यावर. तुझे साहेब तो दारातच घेतात.

आपल्याकडचंच बघ ना, निफाड-पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टची द्राक्षं भरताना घड कितीही देखणा असला तरी मण्याची साईज रिंग लावून बघतात आणि गोडी ब्रिक्स मीटरवर, तिथे जन्मभर द्राक्षात घालवलेला माणूससुद्धा नुसतं बघून पास करत नाही.

आता तुझं मीटर कुठलं? इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सोमवारी गेलीस की प्रॉडक्शनच्या साहेबांकडे, नाहीतर शॉपफ्लोअरवरच्या जुन्या सुपरवायझरकडे अर्धा तास माग आणि विचार की चांगला ऑपरेटर आणि कामचलाऊ ऑपरेटर यांच्यात तुम्हाला रोज फरक कुठे दिसतो. ते "सिन्सिअर पाहिजे" असं म्हणतील, तिथे थांबू नकोस, पुढे विचार की सिन्सिअर म्हणजे तो नक्की काय करतो. मग खरी उत्तरं यायला लागतील. पीस बिघडला तर लपवत नाही. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) नीट धरतो. शिफ्ट बदलताना पुढच्याला सांगून जातो. टूल तुटलं तर थांबतो, बोलावतो. यातूनच पाच-सहा प्रश्न काढ आणि चांगलं उत्तर कसं असेल, बरं कसं आणि वाईट कसं, तेही त्या सुपरवायझरकडूनच लिहून घे, कारण ते तुला एमबीएत कोणी शिकवलेलं नाही आणि तुला ते यावं अशी अपेक्षाही नाही.

उदाहरणार्थ सीएनसी टर्निंगवाल्याला विचार, "सकाळी फर्स्ट पीस ओके झाला, दुपारी बाहेरचा व्यास हळूहळू वाढायला लागला, तुम्ही काय बघाल?" ज्याने मशीनवर हात घातलाय तो म्हणेल की इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजला असेल, ऑफसेट देऊन (मशीनमधलं माप थोडं सरकवून) बघीन, नाहीतर इन्सर्ट बदलीन, मधले पीस वेगळे काढून मोजीन. ते "मधले पीस वेगळे काढीन" म्हणणारा मुलगा सोन्यासारखा, हे तुला सुपरवायझरच सांगेल. किंवा टेबलावर एक पार्ट, एक ड्रॉइंग आणि व्हर्निअर ठेव आणि म्हण, ही तीन मापं घेऊन लिहा. दहा मिनिटं लागतात. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१, हे पाठ करून सांगणारे शंभर मिळतील, पण माप घेताना पार्ट पुसून घेणारा, आधी झिरो चेक करणारा वेगळा दिसतो, आणि तो दिसायला कसली दिव्य नजर लागत नाही, काय बघायचं ते माहीत असलं की झालं.

आता त्या अडखळणाऱ्या मुलाचा विचार कर. त्याला तू व्हर्निअर दिलं असतंस तर त्याला बोलावं लागलंच नसतं. ही मुलं सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कुठून कुठून येतात, सकाळची एसटी पकडून सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या एसटी स्टँडला उतरतात, तिथून दुसरी बस, गेटवर तासभर बसलेली असतात, आणि समोर एसीत बसलेली मॅडम इंग्रजीत म्हणते, "टेल मी अबाउट युअरसेल्फ." घाम फुटणारच. भीतीने खाली गेलेली मान आणि खोटं बोलणाऱ्याची खाली गेलेली मान यात बाहेरून फरक कळत नाही, कोणालाच कळत नाही. म्हणून पहिली दोन मिनिटं मराठीत बोल, पाणी दे, कोणत्या बसने आलात विचार, किती वेळ लागेल आणि काय काय विचारणार ते आधीच सांग. यात ढिलाई कसलीच नाही. भीतीचा भाग थोडा कमी केला की उरतं ते तुला हवं असलेलं.

तीन नोकऱ्यांच्या नियमाकडे येते, कारण त्यात नाशिकच्या मुलांवर फार अन्याय होतो आणि बऱ्याच एचआरवाल्यांच्या ते लक्षातही येत नाही. तू मुलाचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) घेऊन पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघतेस, तिथे चार वर्षांत चार एस्टॅब्लिशमेंट दिसतात, मधे दोन-तीन महिन्यांच्या फटी, आणि तू "जॉब हॉपर" लिहून मोकळी होतेस. पण सातपूर-अंबडमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागलेल्या मुलाचा पीएफ भरतो कॉन्ट्रॅक्टर, आणि हिस्ट्रीत नाव येतं त्याचंच, कंपनीचं येत नाही. कॉन्ट्रॅक्टर बदलला की नाव बदलतं, ब्रेक दिला की फट पडते, आणि मुलगा कदाचित चारही वर्षं त्याच शेडमध्ये त्याच मशीनवर उभा असतो! अप्रेंटिसशिपचं वर्ष तर पीएफमध्ये दिसतच नाही, कारण अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो. तेव्हा "नोकऱ्या किती बदलल्या" हा प्रश्न टाकून दे आणि विचार, "प्रत्यक्ष काम कुठल्या प्लांटमध्ये, कुठल्या मशीनवर होतं, आणि तिथून बाहेर का पडलात?" उत्तर वेगळंच मिळेल.

गॅपचंही तसंच. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, झालं नाही, परत आयटीआयच्या ट्रेडकडे आला, असे किती तरी मिळतील. वडील आजारी पडले आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बाग याच पोराने सांभाळली, असेही मिळतील, आणि ज्याने मजूर, फवारणी, व्यापारी हे सगळं एका सीझनमध्ये निभावलं तो रिकामा बसला होता असं मी तरी म्हणणार नाही. गॅपबद्दल एकच कामाचा प्रश्न आहे: हाताची सवय गेली आहे का? त्याचं उत्तर पुन्हा टेबलावरच्या पार्टनेच मिळतं.

आता ती सोडून गेलेली दोन मुलं. तू म्हणतेस मी चुकीची मुलं निवडली. मला विचारशील तर आधी त्यांना फोन कर आणि का सोडलं ते विचार, आता तुमचा काही संबंध उरलेला नाही तेव्हा खरं सांगतील. अशा लवकर सोडण्यामागे स्वभावापेक्षा पगार आणि अंतर जास्त असतं असं माझं मत आहे. बघ, ग्रॉस १८ हजार सांगितले आणि त्यात बेसिक-डीए १२ हजार असेल तर पीएफचे १,४४० गेले, ईएसआयचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्क्याने १३५ गेले, पीटीचे (व्यवसाय कराचे) २०० (मुलींना २५ हजारांपर्यंत पीटी नाही), हातात आले १६,२२५, आणि त्यातून कॅन्टीन, बस कापली जात असेल तर आणखी कमी. आणि १८ हजार हा आकडा सीटीसीचा (कंपनीला तुझ्यामागे पडणाऱ्या एकूण खर्चाचा) असेल तर विचारूच नको, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. मुलाने घरी सांगितलेलं असतं अठरा. पहिला पगार हातात आला की घरात काय बोलणं होत असेल ते तुला कळतंच. शिवाय निफाडहून किंवा सिन्नरच्या आतल्या गावातून पहिल्या शिफ्टला यायचं, कंपनीची बस नाशिकच्या द्वारका चौकापर्यंतच, मग तिथपर्यंत यायचं कसं? हे इंटरव्ह्यूतच बोल. कागदावर इन-हँड आकडा लिहून दाखव, शिफ्टच्या वेळा सांग, बसचा थांबा सांग, आणि जमलं तर दहा मिनिटं शॉपफ्लोअरवर फिरवून आण, तिथला आवाज, ऑइलचा वास, उभं राहायचं काम त्याला बघू दे. दहातले दोन जण तिथूनच नको म्हणतील. तेही स्क्रीनिंगच आहे, फक्त ते त्यांनी स्वतः केलं.

मुलींना लग्नाचं विचारायचं नाही. यात मी दोन बाजू मांडणार नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यातच सारख्या कामासाठी भरती करताना बाई म्हणून भेद करायचा नाही असं लिहिलं होतं, आणि तीच गोष्ट त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तुला शिफ्टची काळजी असेल तर "तुम्हाला कुठल्या शिफ्टला यायला जमेल, अडचण कुठे येईल" हा प्रश्न मुलाला आणि मुलीला त्याच शब्दांत विचार. "आडनाव काय म्हणालात, मूळ गाव कुठलं" हे खोदून विचारायची सवयही अशीच, त्यातून काय शोधतात ते सगळ्यांना माहीत असतं, समोरच्यालाही. बस कुठून पकडणार एवढंच कामाचं आहे, तेवढंच विचार.

साहेबांशी कसं बोलायचं? "तुमची पद्धत चुकीची आहे" असं म्हणून जाऊ नकोस, पंचवीस वर्षांच्या अभिमानाला धक्का लागला की पुढचं कोणी ऐकत नाही, आणि ते वाईट माणूस आहेत असं तुझ्या पत्रावरून वाटतही नाही. एकच जागा माग. म्हण, "सर, पुढच्या ऑपरेटर भरतीला मी प्रॉडक्शनच्या मदतीने एक प्रश्नांचं पान करते, तुम्ही तुमच्या पद्धतीने बघा, दोघांचे मार्क आधीच लिहून ठेवू, तीन महिन्यांनी सुपरवायझरला विचारू कोण कसा निघाला." त्यांना त्यांच्या नजरेवर विश्वास आहे, ते हो म्हणतील. एका भरतीवरून काही सिद्ध होणार नाही, पण कंपनीत पहिल्यांदाच कोणीतरी लिहून ठेवून नंतर तपासायला लागेल, आणि मीटिंगमध्ये तुझ्या हातात सांगायला काहीतरी असेल. तुझी स्वतःची वही मात्र आजपासूनच सुरू कर, परवानगीची वाट बघू नकोस: तारीख, जागा, मार्क, घेतलं की नाही, का नाही. "का नाही"च्या रकान्यात कामाशी जोडलेलं कारण लिहिता आलं नाही तर त्या मुलाला पुढच्या राउंडला पाठव.

पेरोलमध्ये जायचं का? पेरोलचं काम तुला मनापासून आवडत असेल तर खुशाल जा, ते चांगलं आणि लागणारं काम आहे. पण "मला नजर नाही" म्हणून जात असशील तर थांब, कारण ज्या मुलीला एका नाकारलेल्या मुलाचं इतकं मनाला लागतं ती पहिल्या राउंडच्या खुर्चीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. सहा महिने हे करून बघ. तरीही साहेब म्हणत राहिले की मुलींचे अर्ज बाजूलाच काढ, अमक्या गावचे घेऊच नको, आणि तुझ्या कागदाला काही किंमतच नसेल, तर नोकरी बदल, क्षेत्र बदलू नकोस. तोपर्यंत असे हुकूम तोंडी आले की मेलवर नम्रपणे विचार, "सर, असं करायचं आहे का, कन्फर्म करावं." बरेच हुकूम तिथेच विरतात.

हे वाचणाऱ्यांत टेबलाच्या पलीकडे बसणारेही असतील, त्यांनाही थोडं सांगते. बायोडेटावर कॉन्ट्रॅक्टरच्या नावापुढे खऱ्या प्लांटचं आणि मशीनचं नाव लिहा. गॅप असेल तर एका ओळीत कारण लिहा, लपवू नका, पीएफमध्ये ती दिसतेच. पगाराचा आकडा सांगितला की न लाजता विचारा, "हातात किती येतील?" आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर उठून बाहेर या.

शेवटचं एक काम, मैत्रिणी, याला कोणाची परवानगीही लागत नाही. "कळवतो" म्हणून पाठवलेल्यांना खरंच कळव. ती मुलं फोनची वाट बघत बसतात, कधी हातात आलेलं दुसरं काम नाकारतात. व्हॉट्सॲपवर एवढं पुरे: "नमस्कार, अमुक जागेसाठी यावेळी तुमची निवड झालेली नाही. माप घेण्याचा सराव थोडा कमी पडला. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करू शकता." मधलं वाक्य प्रत्येकाला वेगळं आणि खरं लिही, आणि मेसेज त्याच आठवड्यात जाऊ दे.

तुझी,
ताई